हॉस्पिसचा अनुभव: आत्याचे दोन मुक्काम, सोळा आण्यांचं दुखणं आणि आमच्या तक्रारी

आधीच सांगते, हे लांब झालंय. फेब्रुवारीत रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मी मोबाईलवर हॉस्पिस म्हणजे काय ते शोधत होते तेव्हा मराठीत धड काही सापडलं नाही, जे होतं ते एकतर सरकारी परिपत्रकासारखं नाहीतर सूर्यास्ताचे फोटो लावलेलं. मला एवढंच हवं होतं की तिथे नेल्यावर पहिल्या दिवशी काय करतात, पैसे किती लागतात, घरच्या कोणी थांबायचं का, आणि तिथे नेलं म्हणजे आपण तिला टाकली असं होतं का. म्हणून आता सगळं झाल्यावर लिहितेय. हॉस्पिस म्हणजे थोडक्यात, आजार आता बरा होणार नाही अशा माणसाचं दुखणं आणि त्रास कमी करणारी जागा.

संस्थेचं नाव घेत नाहीये. धर्मादाय आहे, तीसएक बेड आहेत, आमच्या गावापासून गाडीने दोन तास. स्टाफ इतका थोडा आहे की मी एक तक्रार लिहिली तरी ती कोणाबद्दल आहे ते तिथल्या वॉचमनलासुद्धा कळेल, आणि तक्रारी तर मी लिहिणार आहे.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, 74 वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या गावात राहायची. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला, आम्हा भावंडांना अर्ध्याहून जास्त तिनेच वाढवलं. सकाळी उठल्यावर आधी मिश्री मग देव, असं तिचं पन्नास वर्षं चाललं होतं. गालाच्या आतल्या बाजूला फोड आला तो दाढ लागतेय म्हणून सहा महिने अंगावर काढला. मग बायॉप्सीत कॅन्सर निघाला, कमांडो ऑपरेशन (जबड्याचा भाग आणि मानेतल्या गाठी काढतात ते), रेडिएशनचे तीस शेक, आणि दीड वर्षाने मानेत गाठ परत आली. केमोचे दोन डोस दिल्यावर तिने हात जोडले.

मोठ्या हॉस्पिटलातून डिस्चार्ज दिला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या, जे खावंसं वाटेल ते द्या. वाक्य संपलं, पुढचा पेशंट आत. त्या बाईला तोंड एका बोटाएवढं उघडत होतं आणि जे खावंसं वाटेल ते द्या! मानेवरची गाठ फुटून तिथे जखम झाली होती, ती कशी पुसायची हे कोणी सांगितलं नाही. दुखण्यावर ट्रामाडॉलच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या ती गिळू शकत नव्हती. रात्रभर कण्हायची, आणि आम्ही तिघं तिच्याभोवती बसून एकमेकांची तोंडं बघायचो. मधले वीस दिवस एका नर्सिंग ब्यूरोची बाई ठेवली, बारा तासांचे 900 रुपये, तिसऱ्या दिवशी वासामुळे ती यायची बंद झाली, दुसरी आली ती सारखी फोनवर. तिला तरी काय बोलणार, वास होताच. आम्हीच जेवणाची ताटं बाहेरच्या पडवीत घ्यायला लागलो होतो आणि आत्याला ते कळत होतं.

हॉस्पिसचं नाव काढलं ते गावातल्या मेडिकलवाल्याने. त्याच्या सासऱ्यांना नेलं होतं. मी घरी विषय काढला तर काका उसळले, मरायला नेऊन ठेवायचं का, लोक काय म्हणतील, सख्खी माणसं असताना. खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात वृद्धाश्रमासारखंच काहीतरी होतं, ओळीने खाटा आणि प्रत्येक खाटेवर वाट बघणारं माणूस. पप्पा दोन दिवस काहीच बोलले नाहीत. मग एका पहाटे आत्या कण्हत असताना म्हणाले, फोन लाव.

फोन केल्यावर कळलं बेड नाही, पाच-सहा दिवस लागतील. ही पहिली तक्रार, पण ती कोणावर करायची? एवढ्या मोठ्या राज्यात असल्या जागा बोटावर मोजण्याएवढ्या. देशातलं पहिलं हॉस्पिस आपल्या मुंबईत निघालं, वांद्र्याला शांती आवेदना सदन, 1986 मध्ये, कॅन्सरचे सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी काढलं, पुढे त्यांनीच गोव्यात आणि दिल्लीतही काढली. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह सेंटर, म्हणजे अशाच दुखणं कमी करण्याच्या उपचारांचं केंद्र, आहे, 1997 पासून, तेही मोफत. परळच्या टाटामध्ये यासाठी वेगळा विभाग आणि ओपीडी आहे. म्हणजे अगदी नाहीच असं नाही, पण मोठ्या शहरांच्या बाहेर पडलात की विचारत फिरावं लागतं. आणि केरळात बघा, तिथे डॉ. राजगोपाल वगैरे मंडळींनी 1993 मध्ये कालिकतला सुरुवात केली आणि आता गावागावात नर्स घरी जातात, शेजारपाजारची माणसं शिकून मदत करतात. आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीला जेवढी माणसं जमतात त्यातली चार जरी या कामाला लागली तरी... जाऊ दे, विषय भरकटतोय.

त्या पाच-सहा दिवसांत त्यांनी आम्हाला नुसतं ताटकळत ठेवलं नाही हेही सांगायला हवं. पहिल्याच फोनवर सिस्टरने जखमेबद्दल विचारलं, वास येतो का म्हणाली, हो म्हटल्यावर सांगितलं की मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या बारीक कुटून पूड करा, जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवा आणि ती पूड भुरभुरवा. म्हणजे तीच गोळी जी जुलाब झाल्यावर आपण खातो. आधी तिच्या अंगाला सूट होते का तेवढं गावातल्या डॉक्टरांना विचारून मग केलं. चौथ्या दिवशी वास निम्म्याहून कमी झाला आणि पप्पा ताट घेऊन आत तिच्या खाटेशेजारी बसले. एवढं साधं होतं तर इतके आठवडे आम्हाला कोणी का नाही सांगितलं याचा राग मला अजून आहे.

कागद काय लागले ते सांगते. बायॉप्सीचा रिपोर्ट, सगळ्या डिस्चार्ज समऱ्या, आधार, आणि कॅन्सरच्या डॉक्टरची चिठ्ठी की आता मूळ आजारावर उपचार चालू नाहीत. ही चिठ्ठी मिळवायला माझा एक अख्खा दिवस गेला कारण तिथल्या रेसिडेंटला वाटलं आम्ही कोर्टकचेरी करणार आहोत. आणि घरचं एक माणूस चोवीस तास तिथे राहिलं पाहिजे हा नियम. हा नियम सगळीकडे नसतो, काही ठिकाणी सगळं सिस्टर लोकच बघतात, त्यामुळे आधी विचारून घ्या. आमच्यात मी आणि धाकटी वहिनी आलटून पालटून राहिलो.

पहिला दिवस. मला वाटलं नेल्या नेल्या सलाईन लावतील, रक्त काढतील. काहीच नाही. एक डॉक्टर मॅडम स्टूल ओढून आत्याच्या उशाशी बसल्या आणि तासभर नुसत्या बोलल्या, तेही आमच्याशी नाही, तिच्याशी. मी मध्ये मध्ये उत्तरं देत होते तर हळूच म्हणाल्या, ताई, आजींना सांगू द्या ना. आत्याला बोलायला त्रास व्हायचा, शब्द अर्धे सांडायचे, पण त्या थांबायच्या. किती दुखतंय हे दहापैकी सांगा म्हटल्यावर आत्याला काही कळेना. तर मॅडमनी विचारलं, आजी, सोळा आण्यात किती? आत्या पटकन म्हणाली, चौदा. मग बोटाने मानेकडे दाखवून म्हणाली, रातच्याला सोळा. पुढे दोन्ही मुक्कामात हाच हिशोब चालला, फाईलवरसुद्धा आणेच लिहायचे ते.

फॉर्मवर काय काय प्रश्न होते! शौचाला कधी झाली, झोप किती, हे ठीक. पण डोक्यावर कर्ज आहे का, कोणाची काळजी वाटते, देवावर राग येतो का, हेही. मला वाटलं हे कशाला पाहिजे यांना. नंतर तिथल्या सोशल वर्करने सांगितलं की हे सगळं ज्या बाईंमुळे सुरू झालं त्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर झाल्या, त्यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स नावाचं हॉस्पिस काढलं आणि त्यांचं म्हणणं असं की माणसाचं दुखणं एका जागी नसतं, अंगात असतं, मनात असतं, घरच्या भांडणात असतं आणि देवाशी असतं, सगळं मिळून दुखतं. आत्याच्या बाबतीत हे किती खरं होतं ते पुढे येईलच.

आता मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं जोरदार दुखण्यावरचं औषध. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण इथेच आमच्या घरात सगळ्यात मोठं भांडण झालं. काकांना नाव ऐकूनच वाटलं की संपवायला देतायत, सवय लागेल, बेशुद्ध पडेल. डॉक्टरांनी त्यांना शेजारी बसवून सांगितलं की दुखण्यासाठी मोजून मापून दिलं तर व्यसन लागण्याची भीती फार कमी असते, आणि थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवलं तर त्याने माणूस मरत नाही. आत्याला सुरुवातीला 10 मिलिग्रॅमची अर्धी गोळी, दर चार तासांनी. गिळता येत नसल्याने बारीक करून पाण्यात कालवून नाकातल्या नळीतून. वेळा ठरलेल्या, सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10 ला डबल, म्हणजे मध्यरात्री 2 ला कोणाला उठायला नको. दुखो न दुखो, वेळ झाली की द्यायचीच, दुखणं वर यायची वाट बघायची नाही. मधेच कळ आली तर वरचा जादा डोस वेगळा लिहिलेला. पहिले दोन-तीन दिवस ती खूप झोपली, काका मला म्हणाले बघ मी सांगत होतो, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती उठून बसली आणि तिने वेणी घालून मागितली. आणे विचारले, म्हणाली चार.

चार आणे. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

या गोळीबरोबर पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध देतात, कारण मॉर्फिनने हमखास घट्ट होतं, आणि हे घरी अजिबात विसरू नका, आम्ही एकदा दोन दिवस विसरलो आणि त्याचं दुखणं वेगळंच झालं. आणि जी गोळी बारा तास हळूहळू विरघळणारी असते ती कधीही कुटायची नाही, साधी कुठली आणि ती कुठली हे विचारून घ्यायचं. ज्यांना नळी नको त्यांना छातीवर चिकटवायचा पॅच असतो, तीन दिवसांनी बदलायचा, पण तो महाग पडतो.

बाहेर मॉर्फिन का मिळत नाही याचं उत्तर म्हणजे 1985 चा अंमली पदार्थांचा कायदा. त्यात एवढे परवाने आणि एवढी शिक्षा होती की मेडिकलवाले आणि हॉस्पिटलं त्या भानगडीत पडेनाशी झाली. 2014 मध्ये कायदा बदलला, आता मान्यता मिळालेल्या संस्थांना ठेवता येतं, पण तशी मान्यता किती जण घेतात? आपल्याकडे मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने अफू पिकते, जगाला पुरवतो आपण, आणि आत्याला साताऱ्याहून दोन तास लांब जावं लागलं अर्ध्या गोळीसाठी.

रेटिंग मागाल तर पाचपैकी साडेचार. अर्धा कशाचा कापला ते आता सांगते. जेवण, पेशंटचं चांगलं, नळीतून द्यायची पेज, ताक, डाळीचं पाणी सगळं वेळेवर, पण सोबतच्या माणसाचं जेवण म्हणजे रोज तीच पिवळी खिचडी, मीठ कधी नसायचं कधी दुप्पट. झोपायला बाक, त्याच्यावर दोन रात्री झोपून माझी कंबर गेली. रात्री अख्ख्या वॉर्डला एकच सिस्टर आणि एक मावशी, त्यामुळे एकदा आत्याची नळी निघाली तेव्हा पाऊण तास थांबावं लागलं. रविवारी ऑफिसचा फोन कोणी उचलत नाही. बायकांच्या वॉर्डात सहा खाटा, मध्ये पडदे, आणि पहिल्याच रात्री समोरच्या खाटेवरच्या बाई गेल्या. पडदा ओढला, आवाज कसा ओढणार? त्यांच्या मुलीचं रडणं आत्याने ऐकलं. मी घाबरून तिच्याकडे बघितलं तर ती म्हणाली, सुटली बिचारी, आणि कूस बदलायला सांगितलं.

अजून एक, हे फक्त कॅन्सरवाल्यांनाच घेतात. आमच्या शेजारच्या आजोबांची किडनी आणि हृदय दोन्ही गेलेलं, धाप लागून रात्रभर बसून असतात, त्यांच्या मुलाने माझ्याकडून नंबर घेऊन फोन केला तर नाही म्हणाले. बेड थोडे आहेत, कळतं मला, पण धाप लागलेल्या माणसाला काय कमी त्रास असतो? थोड्या मॉर्फिनने धापसुद्धा कमी होते हे मला तिथेच कळलं.

पैसे शून्य. राहणं, औषधं, गोळ्या, डायपरसुद्धा. निघताना पेटीत काय टाकायचं ते टाका, कोणी बघत नाही. आधीच्या हॉस्पिटलात शेवटच्या नऊ दिवसांचं बिल भरायला पप्पांनी एफडी मोडली होती, त्यामुळे इथे बिल कुठे भरायचं म्हणून ते चार वेळा काउंटरवर जाऊन आले.

आता खरं बोलण्याची गोष्ट. आत्याला गाठ परत आलीये हे आम्ही सांगितलं नव्हतं. शेकाची जखम आहे, भरेल, असंच चालवलं होतं. दाखल करताना मी डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हटलं, तिला काही बोलू नका. त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, म्हणाल्या, मी आपण होऊन काही सांगणार नाही, पण त्यांनी मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही. मला तेव्हा ते आवडलं नव्हतं. पाचव्या दिवशी काउन्सेलर ताईंनी आत्याला विचारलं, आजी, तुम्हाला काय वाटतंय, काय झालंय तुम्हाला? आत्या म्हणाली, तेच आलंय जे माझ्या सासूला आलतं, मला म्हायतीय, पोरांना नका सांगू, रडत्यात.

म्हणजे ती आमच्यापासून लपवत होती आणि आम्ही तिच्यापासून. दोन महिने. एकाच खोलीत.

त्या दिवशी संध्याकाळी ताईंनी आम्हाला सगळ्यांना आत बसवलं आणि मग आत्याने एकेक काढलं. पाटल्या धाकट्या वहिनीला, कारण तिने हागणं-मुतणं काढलं. ओढ्याकडची पट्टी काकांच्या नावे करायची नाही, का ते ती आणि काका दोघांना ठाऊक. पतसंस्थेचे अमुक हप्ते राहिलेत, पासबुक तांदळाच्या डब्यात. आणि यात्रेला घरी जायचंय. काका मान खाली घालून बसले होते, बाहेर येऊन म्हणाले, बारा वर्षांनी ती माझ्याशी एवढं बोलली, भांडली का होईना. फॉर्मवरच्या त्या देवाच्या आणि कर्जाच्या प्रश्नांचा अर्थ मला त्या दिवशी लागला. रात्रीचे आणे तीन झाले, आणि गोळी तर वाढवली नव्हती.

मला आधी माहीत नव्हतं की हॉस्पिसमधून डिस्चार्ज मिळतो. अकरा दिवसांनी दुखणं आवाक्यात आलं तेव्हा ते म्हणाले, न्या घरी, यात्रा करा. जायच्या आधी तीन दिवस वहिनीला आणि मला शिकवलं. नळीतून पेज कशी सोडायची, त्या वेळी डोकं वर कसं ठेवायचं, दर दोन तासांनी कूस, एअर बेडची हवा, गॉझ ओला करून तोंड आतून कसं पुसायचं. एका वहीत वेळा लिहून दिल्या, मॉर्फिन दिलं, एक एक गोळी मोजून, सही घेऊन.

आणि एक गोष्ट अशी सांगितली जी ऐकून वहिनी जागच्या जागी पांढरी पडली. सिस्टर म्हणाली, मानेची जखम मोठ्या नसेजवळ आहे, कधीतरी एकदम रक्त येऊ शकतं, येईलच असं नाही, पण आलं तर फार येईल आणि थांबणार नाही. तर खाटेखाली गडद रंगाच्या चादरी आणि टॉवेल ठेवा, लाल, तपकिरी, काही चालेल, पांढरे नको, पांढऱ्यावर रक्त बघून पेशंटपण घाबरतो आणि तुम्हीपण. रक्त आलं तर टॉवेल दाबा, हात धरा, तिच्याजवळ थांबा, पळापळ करू नका. बस एवढंच करायचंय.

काकांना हे भयंकर वाटलं, आजारी बाईच्या घरच्यांना कोणी असं सांगतं का म्हणून. मला विचाराल तर अख्ख्या दोन वर्षांत आम्हाला मिळालेली ही सगळ्यात उपयोगाची माहिती. तोपर्यंत सगळे आम्हाला काल काय झालं ते सांगायचे, रिपोर्टमध्ये काय आलं, केमोची सायकल का चुकली. उद्या काय होईल आणि झालं तर आम्ही काय करायचं, हे सांगणारं पहिलं माणूस ती सिस्टर. आम्ही लग्नाच्या बस्त्यातली मरून चादर काढून खाटेखाली ठेवली. रक्त कधी आलंच नाही, पण मला त्या चोवीस दिवसांत त्या चादरीमुळे झोप लागली.

यात्रेला तिला खुर्चीत बसवून दारात आणलं, पालखी आमच्या दारावरून जाते. मिश्रीची डबी तिने उशाखाली मागून घेतली होती, लावता येत नव्हती, नुसती उघडून वास घ्यायची. मी फोन करून विचारलं चालेल का, तर डॉक्टर म्हणाल्या, अहो आता नाही म्हणून काय करायचंय.

घरी असताना त्यांचा दर दोन दिवसांनी फोन यायचा. घरी यायला जमणार नाही एवढ्या लांब, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. आणि हेच मला खटकतं, कारण जवळच्या गावांत त्यांची गाडी जाते, नर्स घरी येते, तिथली कितीतरी माणसं शेवटपर्यंत घरातच राहतात. आमच्या नशिबात नव्हतं. आत्या गुंगायला लागली, पेज पोटात राहीना, लघवी कमी झाली, तेव्हा परत नेली.

दुसरा मुक्काम आठ दिवसांचा. या वेळी त्यांनी आम्हाला काय काय होईल ते क्रमाने सांगितलं आणि जवळपास तसंच झालं. झोप वाढेल. खाणं-पिणं नको होईल. हातपाय गार पडतील, गुडघ्यावर निळसर चट्टे दिसतील. श्वास मध्येच थांबेल आणि परत सुरू होईल. घशात घरघर लागेल. घरघर हा शब्द आपल्याकडे पूर्वापार आहेच, आमच्या आजीला लागली होती तेव्हा सगळे म्हणायचे जीव अडकलाय कशाततरी. तिथे कळलं की गिळण्याची ताकद गेल्यामुळे घशात साठलेला तो कफ असतो, ऐकणाऱ्याला जेवढं भयंकर वाटतं तेवढा त्रास त्या माणसाला बहुतेक होत नाही. कुशीवर वळवलं आणि कफ कमी करायचं इंजेक्शन दिलं, बरंच कमी झालं. इंजेक्शनं कातडीखाली, दंडाला एक बारीक सुई लावून ठेवली होती त्यातूनच, शिरा शोधत टोचाटोची नाही.

सलाईनवरून परत वाद. काका म्हणाले, उपाशी मारताय तिला, एक बाटली तरी लावा. डॉक्टर न चिडता म्हणाले, काका, झाड वाळायला लागतं तेव्हा ते पाणी घेत नाही, पाणी न घातल्याने वाळत नसतं ते. आता बाटली लावली तर ते पाणी छातीत साठेल, घरघर वाढेल, पायाला सूज येईल. तोंड कोरडं पडतं तेवढं ओलं ठेवा, ते काम तुमचं. आणि मग काका, तेच काका जे पहिल्या दिवशी उसळले होते, रात्रभर गॉझ ओला करून तिच्या ओठांना लावत बसले. तुळशीपत्र आणि गंगाजल घरून आणलं होतं, सिस्टरने स्वतः विचारलं, लावायचंय ना? ती सिस्टर ख्रिश्चन होती.

व्हेंटिलेटर नको, छातीवर दाब देणं नको, यावर पप्पांनी सही केली. आत्याला पहिल्या मुक्कामात विचारलं होतं, ती म्हणाली होती नळ्या नकोत, एक आहे तेवढी बास. तुम्ही अजून धडधाकट असाल तर हे स्वतःसाठी कागदावर करून ठेवता येतं, सुप्रीम कोर्टाने 9 मार्च 2018 ला लिव्हिंग विल मान्य केलं, आधी त्याला मॅजिस्ट्रेटची सही लागायची, 2023 मध्ये सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मी अजून केलेलं नाही, लिहायला सोपं आहे.

आत्या गुरुवारी पहाटे साडेचारला गेली. आम्ही चौघं होतो. सिस्टरने नाडी बघितली, घड्याळ बघितलं, आणि काहीच न बोलता पंखा बारीक केला. नळी काढली, अंग पुसलं, वहिनीला विचारून तिचंच हिरवं लुगडं नेसवलं. घाई केली नाही. सर्टिफिकेटचे कागद तासाभरात हातात मिळाले, हे मुद्दाम लिहितेय कारण घरी मृत्यू झाला तर डॉक्टरचा दाखला मिळवताना माणसं रडकुंडीला येतात, घरी ठेवायचं ठरवलं असेल तर कोणता डॉक्टर येऊन दाखला देणार ते आधीच बोलून ठेवा.

तेराव्यानंतर तिथून फोन आला, तुम्ही कसे आहात विचारायला. पप्पांशी ताई वीस मिनिटं बोलल्या. पप्पा फोनवर कधीही दोन मिनिटांच्या वर बोलत नाहीत.

परवा मी एअर बेड परत द्यायला गेले होते. घरी उरलेलं मॉर्फिनही परत करावं लागतं, ते तसंच ठेवता येत नाही. सिस्टरने स्ट्रिपा टेबलावर मांडल्या, मोजल्या, 17 गोळ्या, परत एकदा मोजल्या, रजिस्टरमध्ये लिहिलं, माझी सही घेतली. मग आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली, खाटेखाली राहिली होती म्हणाली, आत्याचा टॉवेल, कंगवा आणि मिश्रीची डबी. डबीची सही घ्यायची का, मी विचारलं. ती हसली, म्हणाली, नको, ती रजिस्टरमध्ये नव्हतीच.